घरचं बेणं

१४ मार्च १९८८, आमली, सिल्वासा

रांध्याच्या पाड्यावर आज सगळा दिवस केळी बघण्यात गेला. एकेका बेटात पाच-सहा खोडं दाटीवाटीने उभी. आई कोण आणि पिलू कोण ते ओळखू येऊ नये. खाली हळद, खोडांवर काकडीचे वेल चढलेले, आणि पाणी म्हणजे भांडी घासून झाल्यावर दारातून भिरकावलं जाईल ते. घड तर एवढुसे. आमच्या रावेरकडे असला घड कोणी बाजारात नेला तर लोक विचारतील, बकरीसाठी आणला का.

साहेबांनी ही योजना माझ्या गळ्यात घातली ती मी केळीच्या मुलखातला म्हणून. शेतकी खात्यात बाकी सगळे भाताचे नाहीतर आंब्याचे. लहान शेतकऱ्याची दर झाडामागचं उत्पादन वाढवून दाखवायचं, असं काम आहे. मनातून मी खूश आहे. इथे बदली झाल्यापासून पहिल्यांदाच मला येतं ते काम मिळालं.

शैलजाला सांगितलं तर म्हणाली, "चार वर्षं इथल्या भाताला नावं ठेवलीत, आता केळीला ठेवा." दिवसभर शाळेत पोरांना शिकवून आली की बायकोला असं काहीतरी सुचतं.

२ एप्रिल

पाड्यावर सभा घेतली. एका बेटात एकच झाड ठेवायचं, बाकी पिलं कापायची, दोन झाडांत नीट अंतर सोडायचं, वेल-बिल काही नको, हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. लोक ऐकत होते. मग मी म्हटलं, सरकारी रोपवाटिकेचे तपासलेले कंद निम्म्या किमतीत मिळतील, आणि सभा एकदम गप्प झाली.

बायडाबाई म्हणून एक आहे. नवरा गेल्यावर तिने एकटीने घराभोवतीची केळी सांभाळली. तीच बोलली शेवटी. "विकत आणलेली केळ पोट नाय धरत, साहेब."

"मग तुम्ही आणता कुठून?"

"मागून. कोणी आपले हाताने दिली तर लावायची. ही मोठी बेट हाय ना, ती माझे आयशीने दिली मला, लग्नात. सरूला मी दिली." सरू तिची मुलगी. गेल्या साली खानवेलला दिली.

मी म्हटलं, सरकार देतंयच की. तर नथू, म्हणजे पाड्यावरचा म्हातारा, हसत म्हणाला, "सरकार देल, पण सरकारला हात कुठं हाय?"

बोलून बोलून घसा कोरडा पडला. विज्ञानाच्या युगात ही माणसं कंदाला सोयरीक लावतात. पाण्याचा तांब्या मात्र न मागता पुढे आला, आणि जोडीला उकडलेलं केळफूल. चांगलं लागलं.

९ एप्रिल

राजदूत मोटारसायकलवरून येताना नरोली फाट्यावर एकदम डोक्यात प्रकाश पडला. हाताने दिलेलं हवं ना? मग माझा हात आहे की! रावेरचा आमचा मळा, आमच्या बाबांनी जोपासलेलं बेणं, आणि द्यायला माझा सख्खा मोठा भाऊ. घरी येऊन लगेच दादाला पत्र टाकलं.

२२ एप्रिल

दादाचं उत्तर आलंसुद्धा! एरवी त्याचं पत्र यायला दोन सण जावे लागतात. लिहितो, "विकत कायले घेतो? घरचं बेणं आहे. ट्रकभर देतो. भाडंही मीच भरतो, तू काही बोलू नको." मला वाचता वाचता भरून आलं. शैलजा म्हणाली, "गेल्या दिवाळीला आपल्याला घड बांधून दिला त्याची सुतळी परत मागितली होती त्यांनी." बायकांच्या लक्षात नको ते राहतं.

साहेबांनी विचारलं, तपासणी करून घ्यायची का? मी म्हटलं, साहेब, घरच्या जेवणाची कोणी तपासणी करतं का? ते हसले. फाईल पुढे सरकली.

२९ मे

आजचा दिवस लक्षात राहील. दादा स्वतः ट्रकबरोबर आला. अंगावर नवी टोपी. कंद असे नीटनेटके की काय सांगू! एकूण एक पानं मुळापासून छाटलेली, एकावरही तलवारीसारखं पातं शिल्लक नाही. आपल्याकडे कोणी एवढं करत नाही, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं पान, ठेवूनच पाठवतात. शैलजा ट्रकजवळ उभी राहून म्हणाली, "दादा एवढे टापटिपीचे कधीपासून झाले?" मी तिला डोळ्यांनी दटावलं.

पाड्यावर दादाने प्रत्येक घराला आपल्या हाताने कंद दिले. मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, हे माझ्या घरचं, माझ्या बापाच्या मळ्यातलं. बायडाबाईने दोन्ही हातांत पहिला कंद घेतला आणि कपाळाला लावला. मग दादासाठी तिने तांदळाची पुरचुंडी बांधून आणली. दादाने ती ट्रकवाल्याकडे दिली. पाणी पुढे केलं तर म्हणाला, पोट ठीक नाही. प्रवासाने होतं असं.

जेवताना म्हणाला, नाल्याकडच्या मळ्यात यंदा कापूस लावणार. मला नवल वाटलं. बाबांनी आयुष्यभर त्या मळ्यात केळीशिवाय काही लावलं नाही. "जमिनीले इसावा पाहिजे ना रे," दादा म्हणाला. खरं आहे. शेतीतलं त्याला माझ्याहून जास्त कळतं, मी आपला कागदावरचा.

१८ जून

लागवड पुरी झाली. सरळ ओळी, ओळींमधून पाट, पाणी साचू नये म्हणून चर. रांध्यात असं कोणी पाहिलं नव्हतं. खानवेलच्या रस्त्याने जाणारे लोक थांबून बघतात.

जुनी बेटं मात्र सगळी उपटायला लावली. त्यावरून थोडं वाकडं झालं. बायडाबाई म्हणाली, आयशीची एक राहू द्या, कोपऱ्यात आहे, कोणाला आड येत नाही. मी समजावलं की एक जुनं बेट राहिलं की त्यातली कीड, त्यातला रोग सगळ्या आळीत पसरतो. एकाला सूट दिली की दहाजण मागतात.  कुदळ घेऊन तिनेच ते खणलं. आत केवढा गड्डा होता! दोन माणसांनी ओढून काढावा लागला.

संध्याकाळी तिने दारातल्या कुडावर काकडीचा वेल लावलेला दिसला. आज मी काही बोललो नाही.

२० जुलै

केळी झपाट्याने वर आलीत. साहेब येऊन फोटो काढून गेले. दादाला पत्र लिहिलं की तुझं नाव इथे सगळ्यांच्या तोंडी आहे.

११ ऑगस्ट

नथूच्या दोन-चार झाडांच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले. हा पाऊस म्हणजे पाऊस आहे का! मुळं गुदमरली असणार. चर खोल करायला सांगितले आणि युरियाची मात्रा दिली.

२७ ऑगस्ट

पट्टे वाढलेत. बायडाबाईकडे तर ओळीच्या ओळी. पान पिवळ्या मातीचे हात पुसल्यासारखं चट्ट्यापट्ट्यांचं होतं, अरुंद होतं, आणि आतला पोंगा कुजून वास मारतो. एक शब्द मनात येतो आहे. लहानपणी बाबा तो शब्द घरात उच्चारू देत नसत. हरण्या. केळीच्या या रोगाला औषध नाही, झाड उपटूनच टाकावं लागतं.

पण हरण्या काकडीवरून येतो हेही खरं आहे. मावा काकडीवर बसतो आणि तिथून केळीवर. पुस्तकात स्पष्ट आहे. आणि मी एप्रिलपासून घसा फोडून सांगतोय की वेल नको! आज मी बायडाबाईला सगळ्यांसमोर बोललो. जरा जास्तच बोललो. "तुमच्या दोन काकड्यांपायी सगळ्या पाड्याचं वाटोळं होईल," असं काहीतरी. ती उठली आणि तिने कुडावरचा वेल बुडापासून ओढून काढला. त्याला बोटाएवढ्या काकड्या लागल्या होत्या. तिने त्या पदरात घेतल्या आणि आत गेली.

दादाला सगळं कळवलं आहे. काय करावं ते तो सांगेल.

८ सप्टेंबर

दादाचं उत्तर नाही. कापसात गुंतला असेल.

१९ सप्टेंबर

साहेबांनी विद्यापीठातून केळीच्या रोगांचे डॉक्टर बोलावले. शांत माणूस. चार घरच्या केळी बघितल्या, एक खोड उभं चिरलं आणि म्हणाले, "हरण्या आहे. कंदातूनच आलाय."

मी काकडीचं सांगितलं. ते म्हणाले, "नथूकडे वेल होता?"

नव्हता. नथूच्या दारात कधीच वेल नव्हता, आणि पहिला पट्टा तिथेच दिसला होता. तरी मी म्हटलं की शेजारून मावा येऊ शकतो. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या झाडांना एकाच वेळी? बेणं आणलं कुठून?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, घरून.

"कंदांवर पानं होती?" डॉक्टरांनी विचारलं. "पात्यावर पट्टे आधीच दिसतात. पातं असतं तर तुम्ही रावेरचे, तुम्हाला लांबूनच कळलं असतं."

सगळं उपटून जाळायचं, एकही झाड ठेवायचं नाही, असं ठरलं. माझा अजून विश्वास बसत नाही. दादालाही कोणीतरी फसवलं असणार. त्याने कुठून तरी दोन-चार कंद आणून मिसळले असतील, किंवा त्याच्या मजुरांनी. एवढा मोठा मळा, प्रत्येक झाडाकडे कोण बघतो?

२४ सप्टेंबर

आज बायडाबाई ऑफिसच्या पायरीवर येऊन बसली होती. आत यायला तयार नाही. म्हणाली, "साहेब, मी त्यातली एक सरूला दिली. तुमचे घरची होती म्हणून. चांगली म्हणून."

मी तिला राजदूतवर बसवून खानवेलला नेलं. सरूच्या सासरच्या अंगणात आळं करून लावलेली एकटी केळ, भोवती दगडांचं कुंपण, बुडाशी राख. पट्टे आलेले होते. शेजारी सरूच्या सासूची जुनी बेटं आहेत, त्यांच्याही पोंग्यात पिवळं दिसायला लागलं होतं. मी सासूला सांगितलं, ही सगळीच काढावी लागतील. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बायडाबाईला म्हणाली, "तुझे घरचा आलेला आमचे घरचा खाऊन गेला."

सरू दारात उभी होती. पोटुशी आहे. आईच्या जवळ यायला निघाली तर सासूने तिला नुसतं नाव घेऊन थांबवलं. परत येताना बायडाबाई मागे बसली होती. मीच बोलत होतो. पुढच्या वर्षी तपासलेलं बेणं आणू, सरकारकडून भरपाई मागू, असलं. वाऱ्यात तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

५ ऑक्टोबर

पाऊस उघडला. रांध्यात उपटलेली केळी ढिगाने पेटवली. ओली खोडं नीट जळत नाहीत, नुसती धुमसतात. धूर असा की सिल्वाशाच्या रस्त्यावरून दिसत होता. चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, जो भेटेल तो विचारतो, रांध्याला काय पेटलंय? आणि मी उत्तर देत होतो.

नथू ढिगाजवळ बसला होता. मला म्हणाला, "हात तर व्हता ना साहेब त्याला?" 

११ नोव्हेंबर, रावेरजवळ, आमच्या गावी

आज भाऊबीज. सुरत-भुसावळ पॅसेंजरने परवा आलो. शैलजा आली नाही, बरं नाही म्हणाली. येताना वाटभर मी दादाची बाजू मनात मांडत होतो, जणू वकीलच. घरी आलो तर त्याने मिठी मारली, वहिनीने ओवाळलं. पहिल्या दिवशी माझ्याच्याने विषय काढवला नाही.

आज सकाळी ओट्यावर बसलो असताना वहिनीच बोलून गेली. मी सहज म्हटलं, कंद किती सुरेख छाटले होते. ती म्हणाली, "छाटाले मजूर लावले होते भाऊजी. हे सारखे त्यांच्यावर वरडत होते का एकबी पान राहू देऊ नका, पट्टे दिसतीन." बोलल्यावर तिच्या लक्षात आलं. उठून आत गेली.

मी मळ्यावर गेलो. दादा कापसात उभा होता. मी विचारलं, तुला ठाऊक होतं?

त्याने टोपी काढली, झटकली, परत घातली. "सारेच थोडे खराब होते? आर्धे तं चांगलेच असतीन."

"मग इथेच जाळायचे होते."

"इथं?" तो म्हणाला. "इथं जाळलं असतं तं धूर साऱ्या गावाले दिसला असता. आख्खा तालुका माह्याकडून बेणं नेतो, रमाकांत. बाबाचं नाव आहे त्याच्यात. तुले हवंच होतं, मी देलं. अन् तिथले लोकं काय, रानातले. एवढुशी केळं त्यांची, बकऱ्याच्या कामाची. गेली तं गेली."

असं कोणी कसं बोलू शकतं? ती बकरीची गोष्ट मला कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली, पण कुठे ते आठवेना. त्याच्यापुढे मी ओरडलो, काय ओरडलो ते आता आठवत नाही. शेजारच्या मळ्यातले लोक बघायला लागले तसा दादा माझा दंड धरून हळूच म्हणाला, "हळू बोल ना भाऊ." त्याला अजूनही गावाचीच काळजी होती.

सख्ख्या भावाने माझा हात वापरला. माझं बोलणं, माझी नोकरी, रांध्याच्या लोकांनी मला दिलेला तांब्या, सगळं वापरलं. परका असता तर मी एवढा तुटलो नसतो. वहिनीने दिलेला फराळाचा डबा ओट्यावर तसाच ठेवून निघालो.

२ डिसेंबर

साहेबांनी योजना बंद केली. अहवालात लिहायला सांगितलं की स्थानिक शेतकऱ्यांनी सूचना न पाळल्याने अपेक्षित उत्पादन आलं नाही. मी म्हटलं, असं लिहिणार नाही, बेणं माझ्या घरचं होतं असं लिहीन. ते म्हणाले, "रमाकांत, त्याने तुमची नोकरी जाईल, आणि केळी परत येणार नाहीत." मग दोन्ही टाळून "प्रतिकूल हवामान" असं लिहिलं. सही केली. शैलजाला सांगितलं तेव्हा ती ताटातले तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "अहवालाचीही पानं छाटून टाकलीत." मला राग आला. कोणाचा ते कळलं नाही.

१४ जानेवारी १९८९, संक्रांत

रांध्याला जायचं मी टाळतो. खात्याने मला आंब्याकडे दिलं आहे. आज सुट्टी होती, दुपारी अंगणात बसलो होतो, तर फाटकाशी बायडाबाई. खानवेलची बस चुकली होती, पुढची येईपर्यंत सावली बघत आली. शैलजाने तिला ओट्यावर बसवलं, तिळगूळ दिला. सरूला मुलगा झाला असं तिनेच सांगितलं. बारशाला बोलावलं नव्हतं, पण आता सासूने निरोप धाडलाय की येऊन बघून जा.

"काही नेतेस की नाही बाळासाठी?" शैलजाने विचारलं.

"रित्या हाताने ये सांगलाय," ती म्हणाली. खरंच तिच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. पदराच्या गाठीला बसचे पैसे तेवढे. आपल्याकडे बाळंतिणीकडे आई अशी कधी जाईल का?

शैलजाने आतून दोन केळी आणली, वाटेत भूक लागेल म्हणून. बायडाबाईचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. 

मी घाईघाईने म्हणालो, "नाक्यावरच्या गाडीवरून आणलीत. माझ्या घरची नाहीत."

मग तिने घेतली. तिथेच बसून, रस्त्याकडे बघत, दोन्ही खाल्ली. चांगली आहेत, म्हणाली. पाणी प्यायली. बसचा हॉर्न ऐकू आला तशी उठली. सालं तिच्या मुठीतच होती. मी म्हटलं, टाका तिकडे फाटकाबाहेर, गाई खातील. तिने मान हलवली.

"नाय साहेब. बाहेर नको. कुठं तो रोग पायाला लागून पोराकडे जायचा."

सालातून तो रोग जात नाही. हे मी तिला सांगणार होतो, तोंड उघडलंही होतं. पण माझ्या घरचं बेणं चांगलं आहे, हेही मी तिला असंच छातीठोकपणे सांगितलं होतं. मी हात पुढे केला. तिने ती सालं माझ्या हातात ठेवली, दोन्ही हातांनी, कंद घेतला होता तशी, आणि पदराला हात पुसत बसकडे गेली.